चमचाभर साखर आणि सातशे लिटर पाणी

चहाच्या एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम साखर मावते. ही साखर पाण्यात पडली आणि पाण्यातल्या जिवाणूंनी ती शेवटच्या कणापर्यंत संपवली, तर त्यांना साडेपाच ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. आता पाण्याकडे किती शिल्लक आहे ते बघू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, ते कितीही स्वच्छ असलं तरी, लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन विरघळून राहतो. भागाकार केला तर उत्तर सातशे लिटरच्या वर जातं. म्हणजे एक चमचा साखर गच्चीवरच्या मोठ्या टाकीतल्या पाण्याचा ऑक्सिजन पार संपवू शकते. अट एकच, बाहेरून नवा ऑक्सिजन आत यायला नको.

सगळी मेख या अटीत आहे. बाहेरून ऑक्सिजन येत असतोच, पण तो किती वेगाने येतो? नदीत मासे जगतात की पालथे पडतात, भाताच्या खाचरातली माती तांबडी राहते की निळसर करडी होते, उकिरडा खत देतो की नुसता घाण वास मारतो, विहिरीत उतरलेला माणूस वर येतो की नाही, हे सगळं शेवटी या वेगावर ठरतं. खानापूरचं भात, चिकोडी-अथणीचा ऊस, निपाणीची तंबाखू आणि शहराच्या कडेचे नाले या साऱ्यांशी ज्याचा रोजचा संबंध येतो, त्याला हा विषय नीट माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. समुद्रकिनारी एक लिटर हवा घेतली तर त्यात २७० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन सापडतो. तिथल्याच एक लिटर पाण्यात सापडतो जेमतेम आठ मिलिग्रॅम, म्हणजे तिसाव्या हिश्श्याएवढा. पाणी तापलं की तोही घटतो. समुद्रसपाटीला शून्य अंशाच्या पाण्यात १४.६ मिलिग्रॅम मावतो, २० अंशाला ९.१ आणि ३० अंशाला ७.५. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे आणखी थोडी घट. वायूचा दाब जितका, तितकंच त्याचं पाण्यात विरघळणं, हा नियम इंग्लंडच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. आपल्या नद्यांना तो एप्रिल-मे महिन्यांत चांगलाच जाचतो. तेव्हा पाणी गरम, प्रवाह बारीक आणि जिवाणूंची भूक मात्र वाढलेली असते. तापमान दहा अंशांनी चढलं की त्यांचा खाण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

पण साठा कमी असणं ही अर्धीच अडचण आहे. खरी अडचण चालीची आहे.

वायूचा रेणू सरळ रेषेत जात नाही. शेजारच्या रेणूंवर आपटत, दिशा बदलत, कधी पुढे कधी मागे असा तो भरकटतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या बाजारातल्या गणपत गल्लीत शिरून पलीकडे निघायचं म्हटलं तर जे होतं, तेच पाण्यात शिरलेल्या ऑक्सिजनचं होतं. हवेतला ऑक्सिजन म्हणजे त्याच गल्लीतून पहाटे पाचला चालणारा माणूस. या भरकटण्याचं गणित ॲडॉल्फ फिक या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने १८५५ मध्ये मांडलं. शास्त्रात याला विसरण म्हणतात. हवेत ऑक्सिजनचं विसरण पाण्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी वेगाने होतं. मुळात हवेत साठाही तीसपट आहे. दोन्हींचा गुणाकार केला तर एकाच जाडीच्या थरातून हवेवाटे जितका ऑक्सिजन पोचतो, त्याच्या तीन लाखांव्या हिश्श्याच्या आसपासच पाण्यावाटे पोचतो.

भरकटत जाण्याची आणखी एक विचित्र गोष्ट आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो, अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट. स्थिर पाण्यात ऑक्सिजनच्या रेणूला एक मिलिमीटरचा दहावा हिस्सा ओलांडायला दोन-अडीच सेकंद लागतात. पूर्ण मिलिमीटरला चार मिनिटं. एक सेंटिमीटरला सात तास. वीतभरही नाही अशा दहा सेंटिमीटरला जवळजवळ महिना. आणि एक मीटर खोल जायचं असेल तर आठ वर्षं! कंबरभर पाणी असलेलं एखादं डबकं घ्या. ते अगदी निश्चल राहिलं, आत शेवाळं नसलं आणि ऑक्सिजन नुसता मुरत मुरत खाली जायचा असला, तर तळातल्या चिखलाला आज वर शिरलेला ऑक्सिजन मिळायला वर्षं लागतील. तोवर मधले जिवाणू थोडेच वाट बघणार आहेत!

मग नद्या जगतात कशा? हलल्यामुळे. पाणी स्वतःच उलथापालथ होतं तेव्हा वरचा भरलेला थर खाली जातो आणि खालचा रिकामा वर येतो. त्याला विसरणाची गरजच उरत नाही. तरीही एक अडथळा राहतोच. हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे पाण्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, केसाच्या जाडीच्या आसपासचा. वरून येणाऱ्या प्रत्येक रेणूला हा पापुद्रा भरकटतच ओलांडावा लागतो. वारा वाहिला, लाटा उठल्या, पाणी खडकांवर आपटलं की तो आणखी पातळ होतो आणि पुन्हापुन्हा फाटतो. संथ डोहात तो जाड राहतो. घटप्रभा गोकाकला बावन्न मीटरवरून खाली झेपावते तेव्हा पाण्यात असंख्य बुडबुडे घुसतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती हवा-पाण्याची नवी सीमा तयार होते. धबधब्याखालचं फेसाळ पाणी ऑक्सिजनने भरलेलं असतं ते यामुळे. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा वरच्या टप्प्यात दगडधोंड्यांतून उड्या मारत येते, तिथेही हेच चालतं. नदीचा प्रवाह अडवून तिचं संथ तळं केलं की तिची श्वास घेण्याची ताकद घटते. पाण्याच्या प्रकल्पांची चर्चा किती पाणी साठेल यावरच थांबते, हे मला नेहमी खटकतं.

आता साखरेच्या हिशेबाकडे परत वळू. सांडपाण्यात साखरच असायला हवी असं नाही. मळ, अन्नाचे कण, साबणातले काही घटक, उसाची मळी, जे जे जिवाणूंना खाता येतं ते ते सगळं ऑक्सिजनवर डल्ला मारतं. किती मारतं हे सांगणाऱ्या मापाला बीओडी म्हणतात. पाण्याचा नमुना बंद बाटलीत ठरावीक दिवस ठरावीक तापमानाला ठेवायचा आणि जिवाणूंनी लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरला ते बघायचं. आपल्याकडे तीन दिवस आणि २७ अंश हे प्रमाण धरतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण दोनशे ते तीनशे असतो. प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडायचं तर तो तीसच्या आत हवा. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या गडद तपकिरी पाण्याचा, म्हणजे स्पेंटवॉशचा, बीओडी चाळीस-पन्नास हजारांवर असतो. असं एक लिटर पाणी, प्रक्रिया न करता नदीत गेलं, तर सुमारे सहा हजार लिटर नदीच्या पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकेल. त्यात विष असायचीही गरज नाही. स्पेंटवॉश हे जिवाणूंसाठी उत्तम अन्न आहे, आणि नदीचा घात त्या अन्नानेच होतो.

पाण्यातला ऑक्सिजन लिटरमागे तीन-चार मिलिग्रॅमवर आला की माशांना त्रास सुरू होतो, दोनच्या खाली गेला की बहुतेक मासे टिकत नाहीत. मासे पहाटेच्या वेळी पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड काढून गिळल्यासारखं करताना दिसले तर समजावं की खालचा ऑक्सिजन संपत आला आहे. पहाटेच का? कारण दिवसभर शेवाळं आणि पाणवनस्पती उजेडात ऑक्सिजन सोडतात, रात्री मात्र तीही ऑक्सिजन वापरू लागतात. हिरव्यागार तळ्यात दुपारी चारला ऑक्सिजन गरजेपेक्षाही जास्त असू शकतो आणि त्याच तळ्यात पहाटे पाचला मासे गुदमरू शकतात. म्हणून पाण्याचा नमुना कितीला घेतला हे विचारल्याशिवाय अहवालातल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्यात मासे मरतात, त्यामागेही बहुतेकदा हेच कारण असतं. उन्हाळाभर साचलेली घाण एकाच दिवसात वाहून येते आणि जिवाणूंची पंगत बसते.

जिवाणू हे सगळं कसं निभावतो, हेही बघण्यासारखं आहे. तो एक मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. एवढं अंतर ऑक्सिजन पाव मिलिसेकंदात ओलांडतो. त्यामुळे जिवाणूला फुप्फुस लागत नाही, रक्त लागत नाही. आपल्याला लागतं, कारण आपल्या पेशी बाहेरच्या हवेपासून फार लांब आहेत. एकट्या जिवाणूचं भागतं, पण ते एकत्र येऊन थर करतात तेव्हा गणित बदलतं. ओढ्यातल्या दगडावरचा बुळबुळीत थर बोटाने खरवडून बघा. त्यात कोट्यवधी जीव चिकट पदार्थात रुतून बसलेले असतात. वरचे ऑक्सिजन खातात, आणि मिलिमीटरच्या एक-दोन दशांशातच तो संपतो. त्याखाली ऑक्सिजन नकोच असणाऱ्यांची वस्ती. दातांवरच्या पांढुरक्या थरातही हेच होतं. चोवीस तास हवा आतबाहेर करणाऱ्या तोंडात ऑक्सिजनला घाबरणारे जिवाणू सुखाने राहतात ते या आडोशामुळे.

जिवाणू ऑक्सिजनचा माग काढतात, हे एका सुंदर प्रयोगातून दिसलं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला टेओडोर एंगेलमान या जर्मन शरीरक्रियातज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शेवाळाचा एक तंतू ठेवला, भोवती ऑक्सिजनची ओढ असणारे जिवाणू सोडले आणि तंतूवर लोलकातून फाकलेला प्रकाश पाडला. जिवाणू सगळीकडे सारखे पसरले नाहीत. जिथे तांबडा आणि निळा-जांभळा प्रकाश पडला होता, तिथे त्यांनी गर्दी केली. हिरव्या पट्ट्यात फारसं कोणी नव्हतं. वनस्पती कोणत्या रंगाचा प्रकाश वापरून ऑक्सिजन तयार करते, हे त्याला जिवाणूंनी दाखवून दिलं. एकही रासायनिक पदार्थ न वापरता एवढं मोजमाप करणारी युक्ती आजही थक्क करते.

आता मातीकडे येऊ, कारण आपल्या भागात हा विषय खरा कळतो तो शेतात.

चांगल्या, भुसभुशीत मातीत निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा. हवेच्या वाटा एकमेकींना जोडलेल्या असतील तर ऑक्सिजन भराभर खाली जातो आणि मुळाभोवतालचा पाण्याचा पातळ थर तेवढा त्याला भरकटत ओलांडावा लागतो. पाऊस पडला, पोकळ्या पाण्याने भरल्या आणि हवेची जागा मातीच्या दहा टक्क्यांच्या खाली गेली, की वाटा तुटतात. तीन लाख पटींचा फरक इथे लागू होतो. मातीतले जीव मात्र तेवढेच भुकेले असतात. उबदार हवामानात साचलेल्या पाण्याखालच्या मातीतला ऑक्सिजन दिवस-दोन दिवसांत संपतो.

त्यानंतर पिकाचं काय होतं ते निपाणीच्या तंबाखूवाल्यांना विचारावं. शेतात पाणी साचलं आणि वर ऊन पडलं की तंबाखूची पानं मान टाकतात. पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने सुकतं! ऑक्सिजन नसल्यामुळे मुळांची ताकद संपते, मूळ पाणी ओढूच शकत नाही. अशा वेळी पान सुकलं म्हणून आणखी पाणी दिलं तर पीक हातचं जातं.

भाताने मात्र यावर मार्ग काढला आहे. भाताच्या खोडात आणि मुळात हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांवाटे घेतलेली हवा या नळ्यांतून थेट चिखलातल्या मुळाच्या टोकापर्यंत उतरते. ऑगस्टमध्ये खानापूरच्या बाजूला एखाद्या खाचरातून भाताचं एक रोप हलकेच उपटावं आणि मूळ धुऊन निरखावं. भोवतालचा चिखल करडा, निळसर झाक असलेला असतो. त्याच चिखलातून निघालेल्या जुन्या मुळांवर मात्र गंजाच्या रंगाचा तांबूस लेप दिसतो. कोवळी टोकं पांढरी. हा लेप खरोखरच गंज आहे. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात जिवाणू त्या लोहाचं रूप बदलतात, तांबडं लोह विरघळणारं होतं आणि मातीचा रंग जातो. मुळातून थोडा ऑक्सिजन बाहेर पाझरतो, तिथे ते लोह पुन्हा गंजून मुळावर बसतं. म्हणजे चिखलात, मुळाभोवती एखाद-दुसऱ्या मिलिमीटरपुरतं, भाताने आपलं हवेशीर घर बांधलेलं असतं आणि त्याची भिंत आपल्याला डोळ्यांनी दिसते. मुळं तांबूस-पांढरी असतील तर पीक ठीक आहे. मुळं काळी पडली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर खाचरातलं पाणी काही दिवस सोडून द्यावं, मातीला भेगा पडण्याइतकं नाही, पण हवा शिरेल इतकं.

लोहाच्या या गोष्टीमागे एक मोठा क्रम आहे. जिवाणू अन्न खातात तेव्हा त्यातले इलेक्ट्रॉन कुणाला तरी द्यावे लागतात. ऑक्सिजन असेल तर तो सगळ्यात फायद्याचा घेणारा. तो संपला की नायट्रेटची पाळी येते, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट आणि सगळ्यात शेवटी मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं राज्य. प्रत्येक पायरीला मिळणारी ऊर्जा कमी होत जाते. सल्फेटच्या पायरीवर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तोच सडक्या अंड्याचा वास, आणि लोहाशी मिळून तोच चिखलाला काळा रंग देतो. मिथेन हवामान तापवणारा वायू आहे, पण गोबर गॅसच्या टाकीत तोच आपल्याला हवा असतो, म्हणून तिथे मुद्दाम हवा कोंडतात. जनावरांसाठी मुरघास करताना चारा तुडवून तुडवून दाबतात तेही यासाठीच. उरलेली हवा काही तासांत संपली की आंबवणारे जिवाणू ताबा घेतात आणि बुरशीला जागा मिळत नाही. उकिरड्याचं उलट. तो वरखाली केला, हवा खेळती राहिली तर आतून साठ अंशांपर्यंत तापतो आणि खत लवकर होतं.

नायट्रेटच्या पायरीशी शेतकऱ्याचा खिसा बांधलेला आहे. खाचरात पाणी उभं असताना मातीचा अगदी वरचा, काही मिलिमीटरचा थर तेवढा ऑक्सिजनवाला असतो. वरून फेकलेल्या युरियाचा आधी अमोनिया होतो आणि या पातळ थरात जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्याबरोबर खाली, ऑक्सिजन नसलेल्या थरात उतरतं. तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. विकत आणलेलं खत बुडबुडे होऊन उडून जातं, आणि पीक पिवळंच. त्यातच दुपारच्या उन्हात पाण्यातल्या शेवाळामुळे पाणी अल्कधर्मी होतं, मग काही अमोनिया थेट हवेत जातो. युरिया एकदम न टाकता थोडा थोडा विभागून टाकावा, शक्य तिथे पाणी कमी करून चिखलात खोल मिसळावा, असं शेतीतज्ज्ञ सांगतात ते यामुळे. खालच्या थरात अमोनिया अमोनियाच राहतो, त्याचं नायट्रेट करायला लागणारा ऑक्सिजनच तिथे नसतो.

आपल्याकडच्या धूळवाफ पेरणीतही हे शहाणपण आहे. पावसाआधी कोरड्या धुळीत टाकलेलं बी पहिल्या ओलीवर उगवतं, तेव्हा मातीत हवा भरपूर असते आणि मुळं खोल जातात. पाणी नंतर तुंबतं. पाण्याखाली रुजलेल्या भाताचा कोंब हवेच्या शोधात लांबतो, पण मूळ जवळजवळ वाढत नाही. तरव्याची लावण करतानाही रोप आधी हवेशीर वाफ्यात मोठं करून मगच चिखलात जातं.

बेळगाव शहराच्या कडेला मात्र हा तोल बिघडतो. बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगला की येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारात पसरतो. पावसाचं पाणी चार दिवस तुंबलं तर भात कसंबसं तग धरतं. पण त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं तेव्हा पाणी आपल्याबरोबर जिवाणूंचं अन्नही आणतं. आधीच अडलेल्या ऑक्सिजनवर दुप्पट-तिप्पट मागणी येते, रोपं बुडालेली असल्यामुळे पानांतून हवा आत घ्यायची नळीही बंद, आणि गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही. बुडालेल्या भाताची मुळं कुजतात ती या तिहेरी कोंडीत. नाल्याचं पात्र मोकळं ठेवणं आणि सांडपाणी आधी प्रक्रिया करून सोडणं, ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी सौंदर्यासाठी नाही. ती शास्त्राच्या हिशेबाने अगदी रास्त आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख लिहावासा वाटला, ती. पाण्यात ऑक्सिजन हळू चालतो हे आपण मान्य करतो, पण हवेत तो झपाट्याने पोचतो हे गृहीत धरतो. वारा नसेल तर तसं होत नाही. निश्चल हवेत एक सेंटिमीटरला अडीच सेकंद, पण एका मीटरला सात तास, आणि तीस-पस्तीस फूट खोल विहिरीच्या तळापर्यंत, म्हणजे दहा मीटरला, जवळजवळ महिना. उन्हाळ्यात बाहेरची हवा तापून हलकी होते, विहिरीतली थंड आणि जड राहते. जड हवा खाली बसून राहते, वरखाली होतच नाही. तळाशी पालापाचोळा, गाळ कुजत असतो. जिवाणू तिथला ऑक्सिजन संपवतात आणि हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड साचवतात. गटाराच्या चेंबरमध्ये, गोबर गॅसच्या टाकीत आणि मळीच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइडची भर पडते.

गाळ काढायला एक जण उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, मग तिसरा. अशा बातम्यांत एकाच घरातले दोघे-तिघे जातात ते घाबरटपणामुळे नाही, मायेने धावल्यामुळे जातात. म्हणून हे स्पष्ट लिहितो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा असुरक्षित मानतात. दहा टक्क्यांच्या खाली माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो, आणि धाप लागून आधी सूचना मिळेलच असं नाही. दिवा सोडून बघण्याची जुनी रीत अर्धवट आहे. ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते, पण हायड्रोजन सल्फाइडचा दिव्याला पत्ता लागत नाही, आणि जिथे मिथेन आहे तिथे पेटता दिवा सोडला तर स्फोट होऊ शकतो. वासावरही भिस्त ठेवू नये, कारण हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. ब्लोअरने बराच वेळ ताजी हवा तळापर्यंत सोडणं, वायू मोजण्याचं यंत्र लावणं, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधून वर माणसं थांबवणं, यातलं काहीच वगळता येत नाही. आणि कोणी आत पडला तर मागोमाग उतरू नये. वरून दोराने ओढावं, हवा सोडावी, अग्निशमन दलाला बोलवावं. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपल्याकडे मसूर, वाटाणा, हरभरा घेतात. ऑक्सिजनची सगळ्यात नाजूक कसरत तिथे, मुळांवरच्या गाठींत चालते. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळेल अशा रूपात बांधतात. ते काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ऑक्सिजन लागताच निकामी होतं. पण या कामाला ऊर्जा इतकी लागते की जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. यावर झाडाने उपाय शोधला. गाठीच्या बाहेरच्या थरात ऑक्सिजनला वाट अरुंद ठेवायची, आणि आत लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन भरायचं. ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं. ते ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि जिवाणूपर्यंत नेऊन पोचवतं. मोकळा ऑक्सिजन मात्र साध्या पाण्यातल्यापेक्षा हजारो पटींनी कमी राहतो. पुरवठा चालू, पण साठा जवळजवळ शून्य.

हे घरच्या शेतात तपासता येतं. मसूर फुलावर येण्याच्या सुमारास दोन-चार रोपं मातीसकट खणून काढावीत. ओढून उपटली तर गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलवून धुवावीत आणि एखादी गाठ नखाने कापावी. आतून गुलाबी-तांबूस निघाली तर लेगहिमोग्लोबिन आहे, नायट्रोजनचं काम चालू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू झालेलं नाही किंवा जिवाणू कामाचे नाहीत. हिरवट-तपकिरी असेल तर गाठ म्हातारी झाली. जिथे शेतभर पांढऱ्याच गाठी किंवा गाठीच नाहीत, तिथे पुढच्या हंगामात बियाण्याला त्या पिकाचं रायझोबियम संवर्धक चोळून पेरावं, आणि भातानंतर जमीन घट्ट राहिली असेल तर पेरणीआधी ती थोडी मोकळी करून घ्यावी, कारण गाठीलाही तिचा मोजका ऑक्सिजन मातीतल्या हवेतूनच घ्यायचा असतो.